खुराड्याचे स्वयंचलित दार : भांडुपच्या परसातील एका प्रश्नाचा आढावा

परसात कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबाची दिनचर्या दोन घटकांना बांधलेली असते. पहाटे खुराड्याचे दार उघडणे ही एक, आणि तिन्हीसांजेला ते लावून घेणे ही दुसरी. मधल्या वेळात कोंबडी आपले पोट बहुतांशी आपणच भरते, आपली सावली आपणच शोधते. परंतु संध्याकाळची घटका एक दिवस जरी चुकली, तरी वर्षभराचे पालनपोषण एका रात्रीत मातीमोल होऊ शकते, हा अनुभव जिथे जिथे कोंबड्या पाळल्या जातात तिथे तिथे आलेला आहे. ही दोन्ही कामे माणसाच्या हातून घेऊन घड्याळाच्या व लहानशा विजेच्या मोटरीच्या स्वाधीन करणारी दारे युरोप-अमेरिकेत आता सर्रास वापरात आली आहेत, आणि त्यांचे सुटे भाग मुंबईच्या बाजारातही मिळू लागले आहेत. हे साधन कोणत्या गरजेतून निर्माण झाले, ते चालते कसे, आपल्या हवेत व आपल्या शत्रूंपुढे ते कितपत टिकते, आणि भांडुपसारख्या उपनगरातील गृहस्थाने त्याचा स्वीकार करावा किंवा कसे, या सर्व बाजूंचा एकत्र विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हा प्रश्न भांडुपमध्ये विशेष निकडीने का उभा राहतो, हे समजण्यासाठी या उपनगराची ठेवण ध्यानात घेतली पाहिजे. मुंबईहून ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोर घाटांकडे लोहमार्ग न्यावा ही कल्पना मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना १८४३ साली भांडुपच्या भेटीतच सुचली, असे रेल्वेच्या इतिहासात नमूद आहे; १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला निघालेली पहिली गाडी याच गावावरून गेली; आणि १९५० साली मुंबई महानगरपालिकेची हद्द मध्य रेल्वेच्या बाजूने भांडुपपर्यंत वाढविण्यात आली. शहर असे येथे फार पूर्वीच येऊन दाखल झाले, तथापि गावाच्या दोन्ही कडा रानवटच राहिल्या. पश्चिमेस खिंडीपाडा, टेंभीपाडा, तुळशेतपाडा यांचे चढ महानगरपालिकेच्या जलशुद्धीकरण संकुलाच्या आणि विहार तलावाच्या मागील डोंगरांतून सरळ संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मिळतात. पूर्वेस द्रुतगती महामार्ग ओलांडला की मिठागरे, खारफुटी आणि ठाण्याची खाडी लागते, जिला २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून आणि २०२२ साली रामसर क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली. उद्यानात व त्याच्या परिसरात कॅमेरा सापळ्यांच्या साहाय्याने झालेल्या मोजणीत २०१५ साली ३५ आणि २०१८ साली ४७ बिबटे आढळले. खाडीकाठच्या खारफुटीत कोल्ह्यांचा वावर आहे. स्थानकाच्या एका अंगास बिबट्या आणि दुसऱ्या अंगास कोल्हा, अशा दुहेरी शेजारात राहणारी कोंबडी भारतातील दुसऱ्या एखाद्या महानगरात क्वचितच सापडेल.

आणि कोंबडी येथे आहे, याचे कारण माणसे तिला बरोबर घेऊन आली. डोंगरालगतच्या पाड्यांतील आदिवासी आणि गावठाणातील जुनी कुटुंबे यांच्या दारी ती पूर्वापार होतीच. लाल बहादूर शास्त्री मार्गावरील सीएट, जीकेडब्ल्यू, एशियन पेंट्स यांसारख्या कारखान्यांच्या आश्रयाने रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून जे कामगार भांडुपच्या चढांवर येऊन वसले, त्यांनीही गावाकडची ही वहिवाट मोडली नाही. राखणीचा कोंबडा, पाहुण्यासाठी वड्यांबरोबरचा रस्सा, बाळंतिणीसाठी व लहान मुलांसाठी घरचे अंडे, या गरजा बाजारातून भागत असल्या तरी समाधानाने भागत नाहीत, अशी भावना या वस्तीत खोलवर रुजलेली आहे. कोकणातील मामूल पद्धत अशी की, पिलांवर बांबूच्या कामट्यांचे डालगे पालथे घालावे, मोठ्या कोंबड्यांना पडवीतल्या खुराड्यात कोंडावे, दारावर फळी सरकवून तिला दगड लावावा, आणि हे सर्व दिवेलागणीच्या आधी व्हावे. या व्यवस्थेचा खरा आधार फळी किंवा दगड नव्हता. घरात दिवसभर असणारी आजी हा तिचा आधार होता. तिला कोणती कोंबडी खुडूक आहे, कोणती आज दिसली नाही, कोणती शेजारच्या अंगणात अंडे घालून येते, याचा तपशील तोंडपाठ असे, आणि दार लावणे हे तिच्या दृष्टीने त्या दैनंदिन देखरेखीचे केवळ शेवटचे कलम होते.

आज ज्या घरी परस शिल्लक आहे, त्या घरी संध्याकाळी माणूस असतोच असे नाही. मुंबईचा अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर. येथे नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि जुलैच्या आरंभी सात वाजून वीस मिनिटांच्या आसपास. सूर्योदय जूनच्या आरंभी सहाला, तर जानेवारीच्या उत्तरार्धात सव्वासाताला होतो. फोर्टातील कचेरी सहाला सुटली असे धरले, तरी गर्दीची गाडी पकडून भांडुपला उतरून, रिक्षाच्या रांगेतून सुटून टेंभीपाड्याचा चढ चढेपर्यंत साडेसात-आठ सहज वाजतात. हिवाळ्यात याचा अर्थ असा की, खुराड्याचे दार अंधार पडल्यावर दीड तास उघडे राहते, आणि नेमक्या याच दीड तासात कांडेचोर छपरावरून खाली उतरतो, रानमांजर कुंपणाशी येते. सकाळची अडचण याच्या उलट आहे. जानेवारीत सहाची गाडी पकडणाऱ्याने घर सोडताना बाहेर काळोखच असतो, त्या वेळी कोंबड्या सोडणे धोक्याचे आणि न सोडणे म्हणजे त्यांना दुपारपर्यंत कोंडून ठेवणे. स्वयंचलित दाराची खरी गरज या गैरहजेरीतून उत्पन्न झालेली आहे, आणि म्हणून त्याला चैनीची वस्तू म्हणून बाजूस सारणे अन्यायाचे होईल.

यंत्राचा विचार करण्यापूर्वी कोंबडीचा स्वभाव पाहिला पाहिजे. कारण हे दार कोंबड्यांना आत आणत नाही, त्या स्वतः आत आल्यावर फक्त बंद होते. कोंबडीच्या नेत्रपटलात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींचे प्राबल्य असल्यामुळे दिवसा तिची नजर तीक्ष्ण, परंतु अंधारात ती जवळजवळ असहाय होते, आणि म्हणूनच प्रकाश उतरू लागताच उंच व बंदिस्त जागी जाऊन बसण्याची प्रेरणा तिच्या ठायी उपजत आहे. सायंकाळी खुराड्यासमोर थोडा वेळ थांबणाऱ्यास हा सोहळा तपशीलवार दिसतो. प्रथम जुन्या, वजनदार कोंबड्या येतात आणि दांडीवरची आतली, भिंतीकडची जागा धरतात; त्यांच्यामागून मधल्या वयाच्या येतात, दांडीवर क्षणभर ढकलाढकल होते, एखादीला चोच बसते; कोंबडा उंबऱ्याशी घुटमळत मागे वळून पाहतो; आणि कळपात सर्वांत खालचा दर्जा असलेली, दिवसभर टोचून घेतलेली तलंग उंबऱ्यावर येते, आत डोकावते, परत फिरते, पुन्हा येते, आणि आतला कलकल शांत झाल्यावरच हळूच शिरते. पहिल्या आणि शेवटच्या कोंबडीत पुष्कळदा अर्ध्या तासाचे अंतर पडते. मुंबईच्या अक्षांशावर सूर्यास्तानंतरचा वापरण्याजोगा संधिप्रकाश जेमतेम बावीस-पंचवीस मिनिटे टिकतो. तेव्हा दार सूर्यास्तानंतर साधारण पंचवीस ते तीस मिनिटांनी लागावे, हा नियम कोंबडीच्या स्वभावातून आणि येथील आकाशातून आपोआप निष्पन्न होतो. नव्याने आणलेल्या कोंबड्यांना मात्र आठवडाभर त्याच खुराड्यात कोंडून ते आपले घर असल्याची खूण पटवून दिली पाहिजे. एरवी गावठी जात आंब्याच्या नाही तर शेवग्याच्या फांदीवर जाऊन बसते आणि यंत्र रिकाम्या खुराड्याचे दार लावून मोकळे होते.

हे साधन ज्या देशांत वाढले, तेथील गरज आपल्यापेक्षा निराळी होती. लंडनला डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो आणि जूनमध्ये, तेथील उन्हाळी वेळेप्रमाणे, रात्री सव्वानऊनंतर; म्हणजे दार लावण्याची वेळ वर्षभरात पाच तासांहून अधिक सरकत जाते, आणि कोणत्याही नोकरदाराला ती पाळणे अशक्य होते. त्यातच तेथील कोल्हा शहराच्या मध्यवस्तीत शिरलेला. अमेरिकेत रकून हा प्राणी हाताच्या बोटांनी दार उचलतो, कडी सरकवतो. या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये शहरी लोकांना परसातील कोंबड्यांची नव्याने आवड लागली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून बाहेर पडलेल्या चौघा तरुणांनी २००४ साली ‘एग्लू’ नावाचे प्लास्टिकचे सुटसुटीत खुराडे बाजारात आणले, आणि अशा खुराड्यांच्या पाठोपाठ स्वयंचलित दारांचा व्यापारही भरभराटीस आला. लांबत जाणारा संधिप्रकाश, कडाक्याची थंडी आणि कोल्हा, हे त्या दारांच्या रचनेमागील तीन हेतू. आपल्याकडे सूर्यास्ताची वेळ वर्षभरात जेमतेम सव्वा तास सरकते, थंडीचा उपद्रव नाही, आणि शत्रूंची यादी कितीतरी लांब आहे. त्यामुळे तेथील दार जसेच्या तसे उचलून आणण्यापेक्षा त्यातील कोणते तत्त्व आपल्या उपयोगाचे, याची छाननी करणे अगत्याचे आहे.

दाराला वेळ कळण्याचे मार्ग तीन आहेत. पहिला प्रकाशाचा : एक लहानसा घटक उजेड मोजतो आणि तो ठरावीक मर्यादेखाली गेला की मोटरीला हुकूम मिळतो. ही पद्धत ऋतुमानाप्रमाणे आपोआप जुळवून घेते म्हणून युरोपात लोकप्रिय झाली. भांडुपमध्ये मात्र ती सर्वांत कमी भरवशाची ठरते. संधिप्रकाश संपताना मोकळ्या जागी उजेड तीन-चार लक्स इतकाच उरतो. चांगल्या पथदिव्याखाली तो दहा लक्सच्या वर असतो. ज्या गल्लीत पालिकेचा पांढरा दिवा परसावर पडतो, तेथे या दाराच्या लेखी रात्र कधी होतच नाही. उलट पागोळ्यांखाली बसविलेल्या, शेवाळाने व धुळीने माखलेल्या घटकाला जुलैच्या दुपारी काळे ढग दाटून आले की रात्र झाल्याचा भास होण्याचा संभव असतो, आणि मग कोंबड्या बाहेर पावसात व दार आत बंद, असा प्रसंग ओढवतो. दुसरा मार्ग साध्या घड्याळाचा : उघडण्याची व मिटण्याची वेळ मुक्रर करून ठेवावी आणि महिन्या-दोन महिन्यांनी ती पंधरा-वीस मिनिटांनी सरकवावी. जिथे वर्षभराचा फरकच सव्वा तासाचा, तिथे एवढी दुरुस्ती कोणालाही जड नाही. तिसरा मार्ग पंचांगाचा म्हणता येईल : स्थळाचे अक्षांश-रेखांश आणि तारीख यांवरून यंत्र सूर्योदय-सूर्यास्त स्वतः गणिताने काढते. डीएस ३२३१ सारखी चांगली घड्याळ-चकती वर्षाला सुमारे एका मिनिटापेक्षा अधिक चुकत नाही, आणि तिला जोडलेल्या बारीक सेलमुळे वीज गेली तरी तिची वेळ मोडत नाही. माझ्या मते भांडुपकराने दुसरा किंवा तिसरा मार्ग पत्करावा आणि प्रकाशाच्या मार्गाला फाटा द्यावा.

वेळ कळल्यावर दार हलविण्याच्या रीतीही मुख्यतः दोन. एका रीतीत दोरी लहान रिळावर गुंडाळली जाऊन पत्रा खाचांतून वर ओढला जातो आणि रात्री स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. दुसऱ्या रीतीत मोटर आट्यांचा दांडा फिरविते आणि त्याच्यावरील नट दाराला वर-खाली नेते. दोरीची रचना स्वस्त व सौम्य आहे. तीस सेंटिमीटर रुंद, पस्तीस उंच आणि दोन मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमचा पत्रा भरतो जेमतेम अर्धा किलो, तो पाठीवर आला तरी कोंबडीला इजा होत नाही. पण तोच पत्रा बाहेरून नख घालून उचलताही येतो, आणि दोरी पावसाळ्यात कुजते किंवा उंदीर ती कुरतडतो. आट्यांच्या दांड्याला हा दोष नाही. मोटर थांबली की नट जागच्या जागी अडतो आणि दार उपटल्याशिवाय वर येत नाही, म्हणजे निराळ्या अडसराची गरजच उरत नाही. मात्र ही ताकद आंधळी असते, आणि उंबऱ्यावर घुटमळणारी ती शेवटची तलंग मध्ये सापडली तर दार तिला दाबत जाईल. यासाठी अडथळा येताच मोटरीचा वाढलेला प्रवाह ओळखून दार मागे घेणारी तजवीज यंत्रात असल्याची खात्री करून घेतली पाहिजे. डोंगरालगत जेथे कांडेचोर आणि माकडे यांची बोटे दाराला लागतात, तेथे दांड्याचीच रचना हवी. लाकडी दार पावसाळ्यात फुगून खाचेत अडकते, प्लास्टिकचे घूस कुरतडते, म्हणून पत्रा ॲल्युमिनियमचा असावा. आणि उंबरा आतल्या भुशाच्या थरापेक्षा बोटभर नव्हे, चांगला वीतभर उंच असावा, कारण दार अर्धवट मिटण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे खाचेत साचलेले तूस होय.

विजेच्या बाबतीत एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. बारा व्होल्टची मोटर एक ॲम्पिअर प्रवाह घेऊन वीस सेकंदांत दार हलविते असे धरले, तर दिवसातून दोन वेळचे मिळून चाळीस सेकंद होतात, म्हणजे खर्च अवघा अकरा मिलिॲम्पिअर-तासांचा. परंतु वेळेची वाट पाहत जागे राहणारे मंडल जर वीस मिलिॲम्पिअर घेत असेल, तर चोवीस तासांत तेच ४८० मिलिॲम्पिअर-तास खाऊन टाकते, आणि सात ॲम्पिअर-तासांची बॅटरी पंधरवड्याच्या आत संपते. हाच प्रतीक्षेचा खर्च दोन मिलिॲम्पिअरवर आणला, तर हिशेबाने तीच बॅटरी चार महिन्यांच्या जवळपास पुरते, म्हणजे सबंध पावसाळा निघून जातो. सौरपट्टी जून ते सप्टेंबर या काळात पुरेसा भार देईल असे गृहीत धरू नये. म्हणून डॉ. भडकमकर मार्गावरील, म्हणजे जुन्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानांतून सुटे भाग आणून दार तयार करू इच्छिणाऱ्याने मोटरीच्या ताकदीची विचारपूस करण्याआधी मंडलाच्या निष्क्रिय खर्चाची करावी. दाराचा भरवसा तेथे ठरतो.

पावसाळ्याचा विचार करताना आणखी एका गंभीर बाबीकडे दुर्लक्ष होऊ नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. १८ जुलै २०२१ च्या मुसळधार पावसात तर खुद्द भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात पाणी शिरून शहराचा पाणीपुरवठा विस्कळीत झाला. अशा रात्री लावलेले दार हे संरक्षण राहत नाही, तो पिंजरा होतो. हाताने दार लावणारी व्यक्ती पाणी चढू लागले की ते उघडतेही. यंत्राला मात्र पहाटेपर्यंत काही कळत नाही. यावर उपाय यंत्रात शोधण्यापेक्षा बांधणीत शोधावा : खुराडे जमिनीपासून निदान अडीच-तीन फूट उंच पायांवर असावे, नाल्याच्या काठी किंवा डोंगराच्या निचऱ्याच्या वाटेत नसावे, आणि यंत्र बंद पडले तरी हाताने दार उघडता येईल अशी कळ बाहेरच्या बाजूस, अंधारात चाचपून सापडेल अशा जागी असावी. ज्या दाराला हाताची कळ नाही, ते दार कितीही आकर्षक असले तरी घेऊ नये.

आता शत्रूंकडे वळू. भांडुपच्या परसातील शिकाऱ्यांची रात्रपाळी आणि दिवसपाळी अशी उघड विभागणी करता येते. कांडेचोर, रानमांजर, कोल्हा, घूस, गव्हाणी घुबड, अजगर आणि बिबट्या हे मुख्यतः रात्रीचे. मुंगूस, घार, शिक्रा, कावळा, घोरपड आणि धामण हे दिवसाचे. भटका कुत्रा दोन्ही पाळ्यांत. स्वयंचलित दार यांपैकी पहिल्या गटाविरुद्धच उभे राहते, आणि दुसऱ्या गटासाठी तर ते दररोज सकाळी ठरल्या वेळी आपण होऊन उघडते. मुंगसाला ही वेळ लवकरच पाठ होते. म्हणून दारापुढे वरून व बाजूंनी जाळीने बंद केलेले फिरण्याचे आवार नसेल, तर दाराने अर्धेच काम केले असे समजावे. जाळीविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. बाजारात ‘चिकन जाळी’ म्हणून मिळणारी षट्कोनी तारेची जाळी कोंबडीला आत ठेवते, परंतु शत्रूला बाहेर ठेवीत नाही. कुत्रा ती फाडतो, आणि घुशीचे किंवा मुंगसाचे पिल्लू तिच्यातून आरपार जाते. अर्ध्या इंचाच्या चौकोनांची जोडतारेची, म्हणजे वेल्डेड जाळीच वापरावी, आणि ती भिंतीच्या बुडाशी थांबवू नये. बाहेरच्या बाजूस फूटभर जमिनीवर पसरून वर माती व दगड दाबावे, म्हणजे बीळ करून येणाऱ्याचा मार्ग खुंटतो.

बिबट्यासंबंधी स्पष्ट बोलले पाहिजे. ज्या दाराची मोटर अर्धा किलो पत्रा उचलण्यासाठी घडविलेली आहे, ते दार बिबट्याच्या पंजापुढे टिकेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत बिबट्याच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा असतो, असे संशोधकांना आढळले आहे; कोंबडी हे त्याचे प्रमुख लक्ष्य नव्हे. तथापि खुराड्यापाशी सांडलेले खाद्य उंदरांना बोलावते, टाकलेली आतडी-पिसे कुत्र्यांना बोलावतात, आणि कुत्री बिबट्याला. म्हणून खिंडीपाड्याच्या चढावर राहणाऱ्या कुटुंबासाठी दारापेक्षा स्वच्छता हा बंदोबस्ताचा अधिक महत्त्वाचा भाग आहे, आणि खुराडे घराच्या भिंतीला लागून, विटांचे व लोखंडी चौकटीचे असणे श्रेयस्कर. येथे दाराच्या बाजूने एक मोठी गोष्ट सांगितली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने बिबट्यालाच नव्हे, तर मुंगूस, घोरपड, कांडेचोर व अजगर यांनाही संरक्षण दिलेले आहे. सापळा लावणे किंवा विष घालणे हा अपराध आहे, आणि कायदा नसता तरी ते गैरच ठरले असते, कारण हे प्राणी या डोंगरात आपल्या आधीपासून राहतात. ज्याला कोंबडीही जगवायची आहे आणि कांडेचोरालाही जगू द्यायचे आहे, त्याच्या हाती वेळेवर लागणारे दार हाच एक निर्दोष मार्ग राहतो.

सकाळच्या बाजूने पाहता दाराचा लाभ आपल्या हवेत अधिकच ठळक होतो. एप्रिल-मे महिन्यांत बंद खुराड्यात उकाडा आणि विष्ठेतून सुटणारा अमोनिया यांनी कोंबड्या चोची उघडून धापा टाकू लागतात. पहाटेचे दोन-तीन तास हाच त्यांच्या चरण्याचा उत्तम काळ असतो, आणि घरचा माणूस सावकाश उठेपर्यंत तो निघून जातो. सहाला उघडणारे दार त्यांना हा काळ मिळवून देते. त्याची किंमत अशी की, अंडी बहुधा सकाळीच घातली जातात, आणि फार लवकर सोडलेली कोंबडी पेटी सोडून झुडपात अंडे घालते, जे मुंगसाच्या वाट्यास जाते. म्हणून आवार जाळीचे नसेल तर दार सूर्योदयानंतर तास-दीड तासाने उघडावे. शेजाऱ्यांच्या झोपेसंबंधी मात्र दाराकडून काही आशा बाळगू नये. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले की, कोंबड्याचे पहाटेचे आरवणे त्याच्या शरीरातील घड्याळावर चालते आणि मंद उजेडात कोंडलेला कोंबडाही ठरल्या वेळी आरवतो. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही आपली म्हण झाकणाऱ्याच्या निष्फळ खटपटीविषयी जे सांगते ते जीवशास्त्रातही खरे निघाले. उपद्रवाच्या निवारणाचे अधिकार १८८८ च्या अधिनियमाने महानगरपालिकेस दिलेलेच आहेत. दाट वस्तीत ज्याला सलोखा राखायचा आहे, त्याने कोंबडा न ठेवता केवळ माद्या पाळाव्या. अंड्यासाठी नराची गरज नसते.

या सर्व ऊहापोहात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा रोगराईचा आहे. हाताने दार उघडणारी व्यक्ती, तिच्या मनात असो वा नसो, रोज दोन वेळा कळपाची हजेरी घेते. एखादी कोंबडी दांडीवरून उतरली नाही, एखादीची मान वाकडी झाली, विष्ठा हिरवट पडली, हे तिला त्या दोन घटकांत दिसते. राणीखेत, ज्याला खेड्यांत मानमोडी म्हणतात, एकदा कळपात शिरला की लस न दिलेल्या कोंबड्यांत तो फार थोड्यांना मागे ठेवतो. त्यापासून बचाव करायचा तर लक्षण पहिल्याच दिवशी नजरेस पडले पाहिजे. बर्ड फ्लूचा भारतातील पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला, आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी तो पुन्हा दिसला. ज्या उपनगराच्या पूर्वेस हिवाळ्यात हजारो स्थलांतरित पाणपक्षी उतरतात, तेथे अशी साथ जाहीर झाल्यावर कोंबड्या दिवसाही बंद ठेवण्याची वेळ येऊ शकते. ब्रिटनमध्ये २०२१ व २०२२ या दोन्ही वर्षांच्या हिवाळ्यांत तसे सरकारी आदेश निघाले होते. अशा काळात सकाळी आपण होऊन उघडणारे दार तहकूब करता आले पाहिजे, आणि ते तहकूब करण्याची आठवण माणसालाच राहिली पाहिजे. ज्या घरी दार बसविल्यानंतर परसाकडे फिरकणेच बंद झाले, त्या घरी यंत्राने कांडेचोरापासून वाचविलेल्या कोंबड्या रोगाने गमावल्या जातील, आणि मालकाला त्याची खबर वासावरून लागेल.

तेव्हा निर्णय असा करता येईल. संध्याकाळी घरी हमखास माणूस असणाऱ्या कुटुंबाने या दाराच्या खर्चात पडण्याचे कारण नाही. तो पैसा जाळी, उंच पाया आणि लस यांवर लावावा. ज्यांचे परतणे लोकल गाडीच्या स्वाधीन आहे, त्यांनी दार अवश्य बसवावे. ते घड्याळावर चालणारे, आट्यांच्या दांड्याचे, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे, हाताची कळ आणि अडथळा ओळखण्याची सोय असलेले असावे. आणि घरी परतल्यावर, कितीही उशीर झाला तरी, विजेरी घेऊन दांडीवरच्या कोंबड्या एकदा मोजाव्या. दार लावण्याचे काम यंत्राकडे सोपविता येते. मोजण्याचे काम सोपविता येत नाही, कारण मोजताना आपण संख्येबरोबर प्रकृतीही पाहत असतो.

एक सूचना करून हा आढावा संपवितो. परसातील कुक्कुटपालनाच्या सरकारी योजनांत पिल्लांचा विचार पुष्कळ होतो, रात्रीच्या निवाऱ्याचा त्या मानाने फार थोडा. भांडुपपासून जवळच पवईला १९५८ पासून भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे, आरे वसाहतीत केंद्रीय कुक्कुट विकास संस्थेचे पश्चिम विभागाचे केंद्र आहे, आणि परळला १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. यंत्र, पक्षी आणि रोग या तिन्ही विषयांचे जाणकार इतक्या थोड्या अंतरात एकत्र असताना, येथील पावसात, येथील शत्रूंपुढे आणि येथील मिळकतीत बसणारे दार कोणते, हे प्रत्येक कुटुंबाने आपापल्या कोंबड्या गमावून शोधावे ही स्थिती योग्य नव्हे. या संस्थांनी मिळून दोन-चार नमुने डोंगराकडच्या व खाडीकडच्या काही परसांत एक पावसाळाभर चालवून पाहावे, कोणते कुठे व का अडले याची नोंद करावी, आणि उत्तम ठरलेल्या नमुन्याचा आराखडा मराठीतून छापून कोणत्याही फॅब्रिकेटरला घडविता येईल अशा रीतीने खुला करावा. काम लहान आहे; पण ज्या घरात दोन माणसे कामावर जातात आणि तरीही मुलांना घरचे अंडे मिळावे असे ज्या घराला वाटते, त्या घराचा रोजचा घोर त्याने दूर होईल.